दारावरच्या वचनाचं मागचं-पुढचं

नगरला शाळेत नोकरी लागली, त्या पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एका बाईंनी मला विचारलं, "याआधी काय करत होतात?"

"खेड्यांत जाऊन शास्त्र शिकवत होते."

त्यांना वाटलं विज्ञान. "अरे वा," त्या म्हणाल्या. "मग प्रयोगाचं सामान कसं नेत होतात? एस.टी.त काचेची भांडी फुटत नव्हती का?"

मी म्हटलं, "जपून न्यायचे."

त्यांचा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही. चार माणसांत स्वतःविषयी बोलायची वेळ आली की मी मिळेल त्या दाराने बाहेर पडते. या नाताळ अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हाही आधी नाहीच म्हटलं होतं. लिहिताना कोणी समोर बसून बघत नाही, एवढ्यासाठी कबूल झाले. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. पाथर्डीच्या पलीकडचं एक गाव, एवढं पुरे.

तर शास्त्र म्हणजे पवित्र शास्त्र. ते आमच्या लोकांच्या घरात असतंच, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेलं. वाचायची रीत मात्र बहुतेक घरांत एकच. एक वचन उचलायचं आणि ते आपल्या आयुष्याला लावायचं. ते वचन कुठून आलं, कोणाच्या तोंडचं, याची चौकशी कोणी करत नाही. गावोगाव फिरणाऱ्या आमच्या तुकडीचं काम ही चौकशी करायला शिकवणं. प्रश्न साधे होते. हे कोण बोलतंय? कोणाला बोलतंय? त्या वेळी काय चाललं होतं? आणि या ओळीच्या आधी आणि नंतर काय आहे? आम्हाला तयार करणारे पाळकसाहेब याला 'संदर्भ' म्हणायचे. खेड्यात तो शब्द चालेना. एका म्हातारीने तो 'संदूक' असा ऐकला आणि वर्ग संपेपर्यंत ती संदूक उघडायची वाट बघत बसली. तेव्हापासून आम्ही 'मागचं-पुढचं' म्हणायला लागलो. मागचं-पुढचं वाचा, मग बोला.

यात त्या काळची घरंदारं, शेती, लग्नाच्या रीती समजावून सांगणंही आलं. ते काम मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. पक्षाघाताच्या रोग्याला घराचं छप्पर उकरून खाली सोडल्याची गोष्ट आहे. माझ्या इंग्रजी शाळेतल्या पुस्तकात त्या घरावर लाल कौलं काढली होती, आणि चार माणसं त्या उतारावर खाट घेऊन कशी चढली असतील, हे कोडं मला लहानपणापासून होतं. पाथर्डीकडे सगळी घरं धाब्याची, वर सपाट माती. तिथे हे कोणाला कोडंच वाटलं नाही.

तऱ्हेवाईक माणसंही भेटली. अकोले तालुक्याच्या डोंगरात एक आजोबा होते. ते डोळे मिटून पुस्तक उघडायचे, बोट ठेवायचे आणि बोटाखाली येईल त्यावरून भाताची लावणी ठरवायचे. पाऊस गेला त्या वर्षी त्यांचं बोट नेमकं जलप्रलयावर पडलं. त्यांनी सगळे बांध उंच करून घेतले. मी गेले तेव्हा ते कोरड्या खाचरात उभे होते. मला म्हणाले, "बोट बरोबर हुतं, बाई. साल चुकलं." दुसऱ्या एका गावात एक गृहस्थ रोज पिऊन यायचे आणि पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यावा, हे शास्त्रातच लिहिलंय म्हणायचे. मी विचारलं, "ते कोणाला लिहिलं होतं?" ते म्हणाले, "पोट दुखत हुतं त्याला. माझं बी दुखतंय की." त्या दिवशी वर्ग तिथेच संपला.

मी बोलताना अडखळायचे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत, वसतिगृहात राहून झालेलं. प्रार्थना डोक्यात इंग्रजीत यायची आणि मग मी तिला मराठी नेसवायचे. पाथर्डीकडच्या त्या गावात गयाबाई नावाच्या एक शेतकरी बाई होत्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या, सावलीसाठी वर्गाशेजारी बसायच्या आणि सगळ्यांत जास्त बोलायच्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाई, तुमचं बोलनं कोऱ्या लुगड्यावानी हाय. जरा चुरगाळू द्या, मंग अंगाला लागंल."

हा वर्ग भरायचा दुष्काळी कामावर. बहात्तरचा पाऊस गेल्यावर गावोगाव पाझर तलाव आणि रस्त्यांची कामं निघाली. घरी कोणी सापडेना, म्हणून आम्हीच कामावर जायला लागलो. बाया सकाळपासून खडी फोडायच्या. दुपारच्या सुट्टीत मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी खाऊन बाभळीखाली बसायच्या. लेकरं सरकारातून मिळणाऱ्या गोड सुकडीच्या वाट्या चाटत फिरायची. मुकादम म्हणाला होता, "सुट्टीत काय बी वाचा, बाई. शिट्टी झाली की उठवायचं."

वाचायचं काम सुगंधाचं. वर्गात नीट वाचता येणारी तीच एक. वय तिशीच्या आत, बोलणं कमी. खडी फोडणाऱ्या बायका बोटांना चिंध्या बांधतात, तशा तिच्या डाव्या हाताला बांधलेल्या असायच्या. पानाला धूळ लागू नये म्हणून ती पुस्तक दोन्ही मनगटांवर तोलून धरायची आणि पान उलटायला मला मान हलवून खूण करायची. आवाज मात्र असा की लांब बसलेली माणसंसुद्धा भाकरी चावायची थांबायची.

वर्गाच्या दिवशी परतीची एस.टी. चुकली की मी तिच्याच घरी राहायचे. घरात ती आणि तिच्या सासूबाई, सोनाबाई, दोघीच. दाराच्या चौकटीवर निळ्या ऑइलपेंटने एक वचन लिहिलेलं होतं. अक्षरं मोठी सुरू होऊन शेवटी जागा न उरल्यामुळे दाटीवाटीने बसलेली. आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा देव आपल्या दोघांमध्ये पहारा करो, अशा अर्थाचं ते वचन. मला ते लगेच ओळखू आलं. शाळा सुटताना आम्ही मुली निरोपाच्या कार्डावर इंग्रजीत हेच लिहून एकमेकींना द्यायचो आणि रडायचो.

"ह्यांनी लिव्हलंय," सुगंधा म्हणाली. "जायच्या आदल्या दिशी. शिडीवर चढून."

हे 'ह्यांनी' म्हणजे तिचा नवरा शामुवेल. दुष्काळाच्या आदल्या वर्षी दसऱ्यानंतर तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर गेला. पाथर्डीकडची कितीतरी घरं दरवर्षी जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे दोन माणसं. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते. त्या वर्षी टोळी निघायच्या तोंडावर सोनाबाई धाब्यावरून पडल्या, पाय मोडला. त्यांच्याजवळ सुगंधा राहिली. टोळीच्या मुकादमाने शामुवेलच्या जोडीला दुसऱ्या गावची एक विधवा बाई दिली आणि कोयता पुरा केला. हंगाम संपला, टोळी परत आली, शामुवेल आला नाही. कारखान्यावरच काम लागलंय, असं टोळीतल्या माणसांनी सांगितलं. सांगताना ती माणसं सुगंधाकडे बघत नव्हती म्हणे. हे मला गयाबाईंनी सांगितलं. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

सुगंधाचे वडील यशवंतराव खर्ड्याकडचे. तिकडच्या ख्रिस्ती मंडळीत ते वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे पंच. सगळे त्यांना 'वडील' म्हणायचे. एकटी सुगंधा 'दादा' म्हणायची. मी त्या घरी असताना एकदा ते लेकीला न्यायला आले. सलाम झाला, पाणी झालं, आणि ते सरळ मुद्द्यावर आले.

"इहीनबाई, वरीस उलटून गेलं. किती दिस बसवून ठिवायची पोरीला?"

"मी बसवली का?" सोनाबाई म्हणाल्या. "तिला इचारा की. तोंड हाय तिला."

"तुमचा ल्योक कुठं हाय त्ये सांगा, मंग तिला इचारतो."

सोनाबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मुकादमानं ठिवून घेतलं आसंल."

"मुकादमानं," यशवंतराव म्हणाले.

"दादा, मी आशी कशी येऊ?" सुगंधा चुलीजवळूनच म्हणाली. "जाताना देवाला मधी ठिवून गेलेत त्ये. दारावर लिव्हलंय. तुमी वडील आसून त्या वचनाखालून मला न्यायचं म्हनता?"

ते उठले, दारात गेले, टोपी काढून वर बघत एकेक अक्षर वाचलं. मग टोपी घातली आणि निघाले. मीही एस.टी.साठी त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत म्हणाले, "बाई, तुमी शिकवायला येता. तिला काय तरी सांगा."

"काय सांगू?"

"त्ये मला ठावं आसतं तर मीच सांगितलं आसतं."

आता अडचण ही होती की आम्ही उत्पत्तीचं पुस्तक क्रमाने वाचत होतो, आणि ते वचन पुढेच येणार होतं. त्याचं मागचं-पुढचं मला माहीत होतं. शाळेतल्या कार्डावरचं ते गोड वचन खरं कुठलं, हे प्रशिक्षणात कळलं तेव्हा मलाच दोन दिवस कसंतरी झालं होतं. तो आशीर्वाद नाहीच. याकोब आपल्या सासऱ्याकडे, लाबानाकडे, वर्षानुवर्षं राबला. दोघांनी एकमेकांना फसवलं. शेवटी याकोब लेआ आणि राहेल या लाबानाच्या मुली, म्हणजे आपल्या बायका, शिवाय पोरं आणि गुरंढोरं घेऊन न सांगता निघाला. लाबानाने पाठलाग करून त्याला डोंगरात गाठलं. मारामारी टळली, पण विश्वास दोघांचाही नव्हता. म्हणून त्यांनी दगडांची रास केली, हीच साक्षी असं ठरवलं, आणि सासरा जावयाला म्हणाला: मला दिसणार नाही, पण देव बघतोय. आणि लगेच पुढे: माझ्या मुलींना छळशील, किंवा त्यांच्यावर दुसऱ्या बायका करशील, तर कोणी माणूस नसलं तरी देव साक्षी आहे.

नगरला गेले तेव्हा पाळकसाहेबांना विचारलं, हा एक अध्याय गाळला तर चालेल का. ते म्हणाले, "गाळा. मग पुढच्या वेळी कोणता गाळायचा, हेही तुम्हीच ठरवाल. हळूहळू ते तुमचं शास्त्र होईल."

"पण त्या बाईला..."

"तिला वाचता येतं ना? तुम्ही गाळलात म्हणून ते पुस्तकातून जात नाही."

आजही त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. बरोबर होतं, असंही म्हणवत नाही.

त्या दिवशी ऊन फार होतं. सुगंधा आधीच म्हणाली, "आज आमच्या दाराचं येतंय ना, बाई?" मी हो म्हटलं. तिने चिंध्या सारख्या केल्या आणि वाचायला सुरुवात केली.

याकोब न सांगता निघाला, इथे गयाबाईंनी भाकरी बाजूला ठेवली. "बिऱ्हाड घिऊन पळाला?"

"हो."

"आन् सासरा मागं?"

"हो."

"मंग चुकलं काय त्याचं? पोरी त्याच्या हायेत. साधं, येतो म्हनायची रीत न्हाई का?"

राहेलने बापाचे देव चोरून उंटाच्या खोगिरात दडवले आणि वर बसून राहिली, बाप झडती घ्यायला आल्यावर मला उठवत नाही, बायकांची अडचण आहे म्हणाली, तेव्हा बाया हसून लोळल्या. मुकादमाने मान वळवून बघितलं. दगडांच्या राशीचं समजावून सांगावंच लागलं नाही. आम्ही खडीच्या राशींमध्येच बसलो होतो.

मग ते वचन आलं. सुगंधाने ते पुस्तकात न बघता म्हटलं, शाळकरी मुलीसारखं. पुढची ओळ मात्र तिला पाठ नव्हती. ती बघून वाचली. दुसऱ्या बायकांपाशी आल्यावर तिचा आवाज तसाच राहिला, फक्त हळू झाला. वाक्य पुरं करून ती थांबली.

"ह्यो तर दम भरला सासऱ्यानं," मागून एक बाई म्हणाली. कोणीतरी तिला कोपर मारलं.

मी नेहमीचे प्रश्न विचारले नाहीत. सुगंधानेच स्वतःला विचारल्यासारखी उत्तरं दिली. "कोन बोलतंय, लाबान. कुनाला, जावयाला. त्या वक्ताला काय चाललं हुतं, तर एकमेकांवर भरवसा न्हवता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मंग आमच्या दारावर कोन बोलतंय?"

माझ्यासाठी न थांबता तीच पुढे म्हणाली:

"जाताना म्हनले, आता देवाचं लक्ष ऱ्हाईल तुझ्याकडं. मला लई बरं वाटलं हुतं. पन लक्ष कसं? लेकराकडं आसतं तसं, का चोराकडं आसतं तसं?"

"आगं, न्हाई गं," गयाबाई म्हणाल्या. "त्याला बिचाऱ्याला काय ठावं मागचं-पुढचं."

"ठावं नसंल तर बरं," सुगंधा म्हणाली.

शिट्टी झाली. सगळ्या उठल्या. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि पदर खोचून घण उचलला.

एस.टी.त मी आमची पद्धत मनात उलटसुलट करून बघत होते. लाबान काय म्हणाला, का म्हणाला, हे ती पद्धत नेमकं सांगते. रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढलेल्या माणसाच्या मनात काय होतं, हे तिच्यातून कळत नाही. त्याचं मागचं-पुढचं कुठे लिहिलेलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा सुगंधाने निरोप धाडून वडिलांना बोलावून घेतलं होतं. मी उठून बाहेर जायला लागले तर म्हणाली, "बसा, बाई. तुमी आसलेल्या बऱ्या." मग वडिलांकडे वळली.

"दादा, माझ्या लगनात तुमी त्यांना आसं काय म्हनला हुता का? त्यो लाबान म्हनला तसं?"

यशवंतरावांना अध्याय ठाऊक होता. त्यांनी चुलीकडे तोंड वळवलं. "न्हाई म्हनलो," ते म्हणाले. "म्हनायचं सुचलं न्हाई. पोरगं चांगलं वाटलं हुतं."

"मंग आता कारखान्यावर जा. त्यांना भेटा. त्यांच्या जोडीला कोन हाय, काय हाय, त्ये इचारू नका. येवढंच इचारा, दारावर लिव्हलं त्ये कशापायी लिव्हलं. आन् काय सांगतील त्ये येऊन मला सांगा. पदरचं काय घालू नका."

सोनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आन् काय सांगितलं म्हंजी तू जाशील?"

"माझ्यावर भरवसा न्हवता म्हनून लिव्हलं म्हनले, तर जाईन. माझ्यासाठी म्हनून लिव्हलं म्हनले, तर ऱ्हाईन."

"त्याच्याजवळ दुसरी आसली तरी?" यशवंतरावांनी विचारलं.

"आसली तरी. तवा तर खरं हुतं ना."

सोनाबाई पाय चोळत बसल्या. तो पाय आता दुखत नसे, पण हा विषय निघाला की त्या चोळायच्या.

यशवंतराव गेले. हंगाम लवकर आटपत आला होता, ऊसही वाळलेला. ते परत आले तो नेमका वर्गाचा दिवस. दुपारच्या सुट्टीत ते बाभळीपाशी आले, बायांना सलाम केला आणि थोडं लांब बसले. सुगंधाने पुस्तक मिटलं. "सांगा," ती म्हणाली.

"हितं?"

"हितंच. सगळ्यांनी वाचलंय त्ये."

ते खाली बघत सांगत होते. कारखान्याच्या मागे टोळ्यांच्या कोपी, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. शामुवेल भेटला. पाया पडला. बसायला पोतं टाकलं, चहा केला. चहा त्यानेच केला, कारण ती बाई पाण्याचं निमित्त करून बाहेर गेली होती. आत झोळी टांगलेली होती. इथे ते थांबले, मग म्हणाले, "त्ये तू इचारू नको म्हनली हुतीस. पन दिसलं त्ये दिसलं."

"मी सांगितलं त्ये इचारलं का?"

"इचारलं. म्हनलं, दारावर वचन लिव्हलंस त्ये कशापायी." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तर म्हनला, कंचं वचन?"

गयाबाई सुगंधाजवळ सरकून बसल्या.

"मंग मी म्हनून दाखवलं. तवा म्हनला, हां, त्ये व्हय. गाडीचा निळा रंग उरला हुता, वाळून गेला आसता. क्यालेंडरावर हुतं त्ये लिव्हलं."

"आजून?"

"आजून काय न्हाई. पदरचं घालू नको म्हनलीस."

सुगंधाने मान हलवली. तिने दोन उत्तरं धरून ठेवली होती. कोणतं आलं तर काय करायचं, हे तिला ठाऊक होतं. हे तिसरं तिच्या हिशेबात नव्हतं, आणि माझ्याही. ती चिंधी सोडून पुन्हा बांधत बसली. नीट बसेना म्हणून परत सोडली. शिट्टी झाल्यावर तिने सगळ्यांबरोबर संध्याकाळपर्यंत खडी फोडली. यशवंतराव बाभळीखाली तसेच बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माहेरी निघाली. मी तिथेच होते. वस्तीतल्या दोघीतिघी आल्या होत्या. त्यांतली एक सोनाबाईंची बाजू घेऊन म्हणाली, "शास्त्रातली रूथ सासूला सोडून गेली न्हाई."

सोनाबाईंनीच तिला गप्प केलं. "तिचा नवरा मेला हुता. हिचा जिता हाय. उगं कायतरी उचलून लावू नगं."

सुगंधाने घरातली भांडी घासून पालथी घातली होती. बोचकं काखेत घेऊन ती सासूपुढे उभी राहिली. "आत्याबाई, चला तुमी बी. दादा न्हाई म्हननार न्हाईत."

"मी आले आन् मागनं त्यो आला, तर दार कोन उघडंल?"

"येत न्हाईत त्ये आता."

"तू त्याची बायकू. तुला आसं म्हनता येतंय," सोनाबाई म्हणाल्या. "पानी भरलंस का?"

"भरलंय. हंडा बी भरलाय."

"मंग जा. ऊन व्हायच्या आत जा."

सुगंधा वाकून पाया पडली. बाहेर पडताना चौकट ठेंगणी म्हणून मान लववावी लागते, तेवढी लववली. वर बघितलं नाही. नंतर ती खर्ड्याकडेच राहिली. दुसरं लग्न केलेलं नाही, एवढं मला ठाऊक आहे. तिकडच्या मंडळीत वाचते का, हे विचारलं होतं. ऐकायला येते, वाचत नाही, असं कळलं.

मृगानंतर पाऊस पडला, कामं हळूहळू बंद झाली, बाया शेतांकडे वळल्या. वर्ग मोडायला आला होता. सोनाबाईंनी निरोप पाठवला की आमच्या ओट्यावर भरवा, मला कामावर यायला जमत नव्हतं, आता ऐकेन. वाचायला कोणी नव्हतं, म्हणून मीच वाचायचे, सोनाबाईंसाठी कामावर झालेले अध्यायही पुन्हा. माझ्या वाचण्याला बाया जांभया द्यायच्या. सोनाबाई मात्र काठी मांडीवर आडवी ठेवून शेवटपर्यंत बसायच्या.

मी ते काम सोडण्याआधीच्या एका वर्गात आम्ही योसेफाच्या गोष्टीत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"बाई, जरा मागं जा. त्यो लाबान. पोरींचं मुकं घेतलं आन् माघारी घरी गेला म्हनता. घरी कोन हुतं त्याच्या?"

"ते लिहिलेलं नाही."

"पोरींची आई आसंल की."

मी आठवून बघितलं. लेआ आणि राहेल यांच्या आईचा उल्लेख कुठे आहे का, हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. "तिचं नाव नाही कुठे," मी म्हटलं.

"नाव नसू दे. पोरी गेल्या, नातवंडं गेली, तवा ती कुठं हुती, त्ये आसंल. नीट बघा. मागचं-पुढचं बघा."

बाकीच्या बाया थांबल्या. मी पानं मागे उलटली. राहेल विहिरीवर भेटते तिथपासून पाहिलं, लग्नाचं जेवण झालं तिथे पाहिलं, ते न सांगता निघाले तिथे पाहिलं. ओळींवरून बोट फिरवत शेवटपर्यंत आले. सोनाबाई माझ्या बोटाकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "वाचा मंग फुडं."